मेणाची उजवी दाढ

सकाळी साडेसातला आमच्या घरी नुसती धांदल असते. त्या दिवशीही दूध उतू जायच्या बेतात होतं, इस्त्री तापली होती आणि लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ती डेंटलच्या पहिल्या वर्षाला आहे. दहा वाजता परीक्षा होती, मेणाच्या ठोकळ्यातून वरची उजवी दाढ कोरायची. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात प्लास्टरमामा. तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेले, नखांत पांढरं कायमचं बसलेलं. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघतात.

"ताई, ती खालची डावी दाढ भरून घ्या," म्हणाले. हाच त्यांचा नमस्कार.

प्लास्टरचे मुठीएवढे दात करून मामांनी कितीतरी बॅचना कोरायला शिकवलं. यंदा मुलांना लॅपटॉप मिळाले, पुस्तकं सगळी त्यातच आली आणि ते दात स्टोअरमध्ये गेले. पाठोपाठ मामाही. मला वाटलं, मनात राग असेल; तसं विचारलंही.

"छे हो! त्या पुस्तकात दाढेच्या आतली नससुद्धा दिसते. मला आजवर कुणी दाखवली नव्हती."

चहाला नको म्हणत त्यांनी रुमालातून एक मेणाची दाढ काढली. कालच्या सरावातली, लेकीचीच.

"धर उजव्या गालाशी. हा बारका उंचवटा आत, पुढच्या बाजूला यायला हवा. कुठे आला?"

तिनं गालाशी धरून, फिरवून पाहिलं. "मागे गेला, मामा."

"म्हणजे डावी कोरलीस. सुबक आहे हां, पण डावी. मेण गोळा करताना मोजल्या. चाळिसातल्या सव्वीस अशाच."

लेकीचा चेहरा पडला. पुस्तकातला दात हवा तसा फिरवता येतो, आरशातल्यासारखा उलटवताही येतो. कुणीतरी तो उलटवलेला फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता आणि बहुतेकांनी डोळे झाकून तोच गिरवला होता.

"डाव्या दाढेला शून्य मिळतं," ती पुटपुटली. "सरांना सांगितलंत?"

"काल गेलो होतो. म्हणाले, मामा, पुस्तक चुकत नसतं, तुम्ही स्टोअर बघा."

"मी आत्ता ग्रुपवर बरोबर फोटो टाकते."

"टाक की. पण घाई झाली की पोरं पुन्हा गोंधळतील. हाताला कळलं की विसरत नाही."

मी दूध उतरवलं. मामा अजून दारातच उभे होते, चपला न काढता. इतकी वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला माणूस, पण आमच्या पोरीशी बोलतानाही शब्द चाचपडत होता.

"बाळ, तू सगळ्यांना पाऊण तास आधी स्टोअरपाशी बोलव. किल्ली माझ्याकडे आहे. प्रत्येकाच्या हातात ती प्लास्टरची दाढ एकदा देऊ दे मला."