कोराडीच्या चिमणीवरची चमक

जिजाबाईच्या संशयाले कधी सुट्टी नसे. दूधवाला जरासा हसला तरी ही दुधात बोट बुडवून पाहे. मग नवऱ्याच्या डब्याच्या थैलीत आरसा सापडल्यावर काय झालं असंल, सांगा बरं!

आरसा फौजेतला. तळव्याएवढा, मधात भोक. नवरा देवराव, जुना फौजी, पूर्ण टकला.

"टकल्या माणसाले ड्युटीवर आरसा काहून लागते?" जिजाबाई स्वतःशीच पुटपुटली.

देवराव कोराडीच्या वीजघरात चिमणीवरचे लाल दिवे बदलायचा. मागच्या उन्हाळ्यात वर चक्कर आली, कमरेच्या पट्ट्यानं लटकून वाचला. तवा जिजाबाईनं त्याले देवापुढं उभं करून शपथ घ्यायला लावली होती, आता चढणार नाही म्हणून. तेव्हापासून तो म्हणे, "खाली स्टोअरात बसतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मानकापूरच्या आपल्या घराच्या गच्चीवर मिरच्या वाळू घालत होती. उत्तरेकडून, कोराडीच्या बाजूनं, लख्ख चमकलं. विझलं. पुन्हा चमकलं. अन् तेवढ्यात खालच्या आंगणातून प्रेमलता खुदकन हसली! प्रेमलता म्हणजे खालची भाडेकरीण, देखणी, नवरा भिलाईले नोकरीवर. जिजाबाईचे कान तापले.

पण बाई पक्की. त्याच्या पुढच्या दुपारी दोन गल्ल्या पलीकडच्या एका गच्चीवर जाऊन उभी राहिली. काहीच दिसलं नाही. धावत आपल्या गच्चीवर आली, तर लख्ख! म्हणजे नेम बरोबर याच घरावर. आता बाकी काय राहिलं?

तरातरा खाली उतरली.

"काहून हासून राहिली वं? कोण चमकवते तुले?"

"मले?" प्रेमलतानं पदर तोंडाशी नेला. "काकू, माह्या सासऱ्याले! पाहा नं बुढ्याचे चाळे."

आंगणात बाजेवर रामाजी बसले होते. फौजेत देवरावचे हवालदार, तवा दोघं आरशाच्या चमकीनं इशारे देत; आता एक पाय निकामी. त्यांच्याही हातात तसाच भोकाचा आरसा, अन् चेहऱ्यावर दिवाळी.

"ये जिजाबाई! मी म्हटलं, कोराडीहून इथवर येत नाही चमक. देवराव म्हणे, येते. हरलो मी! ऊन कडक पाहिजे अन् मधात आड काही नको, मग पाच मैल काय, वीस मैलही जाते. पण सरळ रेघेत. जरा बाजूले झालं का गायब."

जिजाबाईचा जीव भांड्यात पडला. पडला अन् लगेच उडाला.

"मामाजी, आड काही नको म्हणता. इथून तर झाडंच झाडं. कोराडीचं दिसते काय, फक्त चिमणीचं टोक."

"मग! टोकावरूनच तर सलाम करते देवराव."

जिजाबाई तिथंच बाजेवर बसली. चमक अजून चालूच होती.

संध्याकाळी देवराव आला. तिनं पाण्याचा गिलास पुढं केला.

"स्टोअरच्या खिडकीतून आपली गच्ची दिसते का वो?"

गिलास अर्ध्यावरच थांबला. "स्टोअरात जीव घुसमटते वं. वरून अख्खं नागपूर दिसते. रामटेकची टेकडीही."

"अन् चक्कर?"

"डॉक्टरनं पास केलं. कागद दाखवू?"

"कागदावर माहा भरोसा नाही." तिनं त्याच्याकडं पाहिलं, दुधाकडं पाहते तसं. "चढा. पण चमक मले पाहिजे, बुढ्याले नाही. एक वर पोचल्यावर, एक उतरायच्या आधी. मी गच्चीवर उभी राहीन."

"अन् आभाळ असलं तर?"

"तर त्या दिवशी चढायचं नाही."