दुखवट्याचा घोट

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. संध्याकाळची वेळ, गॅलरीत जुना पेपर अंथरलेला, ती एका बाजूला, मी एका बाजूला. मी जाड देठंही भाजीत टाकत होतो.

"म्हशीला घालायचीय का?" ती म्हणाली.

"मलाच खायचीय."

"मग बरोबरच हाय."

एवढंच बोलणं. मग हात धुतले आणि रोजच्यासारखे भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी चटईवर बसलो. डोळे मिटून. श्वास बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती मेथी केली, मी खाल्ली. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली.

श्वास बघायचं हे प्रकरण माझ्या दारूपायी घरात आलं. एकलहऱ्याला ठेकेदाराकडे कामाला होतो तेव्हापासून पीत होतो. कशी प्यायलो, काय केलं, ते इथं उगाळत नाही. पिणाऱ्याच्या घरी जे होतं तेच. मग नाशिकरोडला एका समाजमंदिरात दारू सोडवायचा वर्ग भरतो असं तिला कुणीतरी सांगितलं आणि तिनं मला धरून नेलं. गोळी नाही, शपथ नाही, अंगारा नाही. एक सर होते, ते म्हणाले, "तल्लफ आली की तिला हाकलू नका, तिच्या मागंही जाऊ नका. आपला श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढं बघत बसा. ती येईल, चढेल, उतरेल."

मी म्हणालो, "सर, नुसतं बघून काय होणार? गाय व्यायला झालीय का बघत बसायला?"

सगळे हसले. बायकोनं मांडीला चिमटा काढला. सरही हसले. म्हणाले, "बघून तर बघा."

बसलो. पण मला माझा श्वास काही सापडेना. लहानपणी बैलगाडीवरून पडून नाकाचं हाड वाकडं झालेलं, हवा कुठून जाते कुठून येते कळतच नाही. बाकीचे मुनीसारखे बसलेले आणि मी नाक शोधतोय. शेजारी ती बसलेली. एकटा बसायला हा लाजेल म्हणून सरांनी तिलाही बसवलं होतं. तिचा श्वास आत जाताना बारीक शीळ वाजायची. मी ती शीळ धरली. वाजली की आत, थांबली की बाहेर.

घरी येताना तिला सांगितलं.

"अहो, तुमचा बघायचाय की!" ती म्हणाली.

"माझा सापडत नाय."

"मग घ्या माझा. मला काय, पुरून उरतो."

सरांना आम्ही हे कधीच सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तल्लफ यायची. घशाला कोरड पडायची, तळहात खाजायचे, पाय दाराकडे ओढ घ्यायचे. मी चटईवर बसायचो, ती हातातलं काम टाकून शेजारी बसायची. शीळ वाजली की आत, थांबली की बाहेर. काही वेळानं ती अवदसा उठून जायची. अशी वर्षं काढली. सर चारचौघांत माझं उदाहरण द्यायचे, बघा, यांना श्वास सापडला. मी मान हलवायचो.

ती गेली आणि मी कोपऱ्यात बसलो. आमच्यात सुतकात माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. समाजमंदिरातल्या वर्गाला जाणंही बंद. दिवसभर माणसं, दारात चपलांचा ढीग, मला कुणी एकटं सोडेना आणि सोबत तर कुणाचीच नाही. संध्याकाळ झाली की तल्लफ यायची, जुन्या वेळेवर. मी डोळे मिटायचो. शेजारी शीळ नसायची. कुकरच्या शिट्ट्या, मागच्या बोळातल्या गाड्या, पोराचं फोनवरचं बोलणं. आणि घसा कोरडा. डोळे उघडले की समोर भिंत, मिटले की आत तीच तल्लफ. कुठंच जायला जागा नाही.

दहावा पंचवटीत रामकुंडावर झाला. संध्याकाळी तिच्या माहेरची माणसं दुखवटा काढायला आली. आमच्यातली रीत अशी की बायको गेलेल्या माणसाला सासरचे टोपी-टॉवेल देतात, गोड खायला घालतात आणि त्याच्या तोंडाला घोटभर दारू लावतात. तोवर दुखवटा अंगावरून उतरला असं धरत नाहीत. थोरल्या मेव्हण्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, पिशवीतून बाटली काढली आणि पेल्यात ओतली.

पोरगा म्हणाला, "मामा, आबांनी सोडलीय."

"ठाव हाय रे. परत पीत जा म्हणायला मी काय यडा? ही दारू नाय, ही रीत हाय." मग माझ्याकडे वळला. "दाजी, घोटभर. आमच्या बहिणीचा दुखवटा काय जन्मभर अंगावर वागवणार?"

"वागवीन."

"असं बोलू नका. आम्हाला परत लावता का दारातून?"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात. पेला माझ्या गुडघ्याजवळ. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू. बायको मेल्याचं दुःख एकीकडे आणि तोंडाला पाणी एकीकडे. मी उठलो, बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि बादली पालथी घालून बसलो. डोळे मिटले. श्वास बघू लागलो तर नाक रडून रडून गच्च. काहीच नाही. बाहेर कुणीतरी म्हणालं, "आत काय करतोय म्हातारा?" मेव्हणा म्हणाला, "असू दे, येईल."

कडी काढली तर पेला. नाही काढली तर किती वेळ बसणार बादलीवर? पायाला मुंग्या आल्या तसा बाहेर आलो. आता हा उचलणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. मी पेल्यात बोट बुडवलं, पिण्याआधी शिंपडतात तसा तिच्या नावानं भुईवर थेंब शिंपडला आणि पेला मेव्हण्याकडे सरकवला.

"पाव्हणं, तुमच्या बहिणीनं सोडवली. तुम्ही धरवू नका."

त्यानं पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लय हट्टी होती ती," म्हणाला आणि स्वतः पिऊन टाकला. रीत झाली का नाही, देव जाणे. बाटली खिडकीत राहिली. बोट धुवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे झोपलेले होते. चटई अंथरली आणि तिच्या जागेवर बसलो, माझी जागा मोकळी ठेवली. डोळे मिटले. सवयीनं कान लावला. काही नाही. नाक पुसायला हात वर गेला आणि बोटाचा वास आला. दारूचाच. मग गेला. मग परत आला. वास यायचा तेव्हा हवा आत येत होती, आणि जायचा तेव्हा बोटाला ऊब लागत होती. मी बोट तसंच नाकाखाली धरून बसलो. तल्लफ आली, घसा कोरडा झाला. खिडकीतली बाटली मला दिसत नव्हती पण कळत होती. वास आत, ऊब बाहेर.

मग उठलो. साबण लावून बोट घासलं, वास जाईपर्यंत घासलं. परत येऊन बसलो आणि तेच बोट नाकाखाली धरलं. वास नव्हता, ऊब तेवढी येत-जात होती.

मेव्हणा पांघरुणातून डोकं काढून बघत होता. "दाजी, बोट नाकाशी धरून काय करताय?"

"श्वास बघतोय."

"दिसला का?"

"गप की जरा," मी म्हणालो. "आत्ता कुठं घावलाय."