जेवणाआधीच्या तीन पाळ्या

“हे आपलं नुसतं तोंडात टाकायला. पोट भरू नका हं, जेवण होतंच आहे.”

हातात स्टीलचं ताट, ताटात सहा कोथिंबीर वड्या, खांद्यावर पंचा आणि चेहऱ्यावर असा भाव, की आत गॅसवर चार भांडी रटरटत आहेत. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांना मी पहिल्यांदा असं पाहिलं. पुढची चार वर्षं जवळजवळ दर शनिवारी असंच पाहिलं. जेवण मात्र त्या घरात मी एकदाही पाहिलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं, पण ते आम्हीच नेलेलं होतं, आणि त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधली आमची बिल्डिंग जुनी, बिनलिफ्टची. काका मूळचे रत्नागिरीकडचे. गोरेगावच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटजवळच्या खोलीत बसायचं, कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे बघायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ काढून माळ्यावर टाकलं. खिळा तेवढा राहिला. त्याला ते पिशवी अडकवायचे.

घरात एकटेच होते. काकू पुण्याला मुलीकडे, नातवाला सांभाळायला, दोन महिन्यांसाठी गेल्या होत्या. नातू तेव्हा तीन महिन्यांचा होता. आता तो दुसरीत आहे.

शनिवारचं आमंत्रण जेवणाचं असायचं, हे नीट लक्षात घ्या. “शनिवारी जेवायलाच या,” असं ते जिन्यात गाठून सांगायचे. मी, माझी बायको, तिसऱ्या मजल्यावरचे भावेशभाई आणि त्यांच्या मिसेस, तळमजल्यावरचे म्हात्रे तात्या आणि स्वतः काका, असे आम्ही सहाजण. साडेसातला हजर व्हायचं. मग पाळ्या सुरू व्हायच्या. हा शब्द त्यांचाच, कारखान्यातून आणलेला. पहिल्या पाळीत वाफवलेलं किंवा साधं काहीतरी, म्हणजे सुरळीच्या वड्या. दुसऱ्या पाळीत परतलेलं, सुरणाची कापं, आणि गावाहून बहिणीने नीरफणस पाठवले असतील तर त्यांची. तिसऱ्या पाळीत तळण. दोन पाळ्यांच्या मध्ये चांगला अर्धा तास जायचा, कारण काकांचा एक नियम होता: एका घाण्यात सहाच. सहाजणांना सहा, गरम, एकदम. सातवी वडी कढईत टाकायची नाही.

“काका, एकदम सगळं तळून आणा ना, तुम्हीही बसा,” माझी बायको म्हणायची.

“माझ्याकडे गार वडी खाल्ली, असं कोणी सांगू नये वहिनी,” असं म्हणून ते पुन्हा आत.

हात मात्र सोन्यासारखा. कोथिंबीर आदल्या दिवशी निवडून, धुऊन, पंख्याखाली पेपरवर पसरलेली असायची. अळूच्या पानांच्या शिरा लाटण्याने अशा दाबायचे की नंतर कुठे पान होतं आणि कुठे पीठ होतं ते कळू नये. भावेशभाईंच्या मिसेस लसूण खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी बिनलसणीचा उंडा वेगळा वाफवायचे, आणि घोटाळा होऊ नये म्हणून त्याला तीळ लावायचे. मी स्वतः लसूण खातो, पण मला ती तिळाचीच वडी जास्त आवडायची. ते एकदा बोलून गेलो. पुढच्या शनिवारपासून ताटात तिळाच्या दोन वड्या येऊ लागल्या.

जेवण नाही, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. पाणी घ्यायला आत गेलो. काका गॅलरीत फोनवर होते. ओट्यावर कढई, मोदकपात्र, परात. कुकर मांडणीवर पालथा, कोरडा ठणठणीत. डाळ नाही, भात नाही, पोळीचा डबा रिकामा. मी गुपचूप पाणी पिऊन बाहेर आलो आणि शहाण्या माणसासारखा गप्प बसलो. दहाच्या सुमाराला भावेशभाई नेहमीप्रमाणे म्हणाले, “काका, बस हां, अब तो पानी की भी जगह नहीं. जेवण नको आता.”

“अहो, एवढं केलंय,” काका म्हणाले. काय ते दुःख त्या चेहऱ्यावर!

“पुढच्या वेळी आधी जेवण,” तात्या म्हणाले.

“पुढच्या वेळी आधी जेवणच,” काकांनी शब्द दिला.

घरी आल्यावर मी बायकोला माझा शोध सांगितला, तर ती म्हणाली, “आत्ता कळलं तुम्हाला? मी तर पहिल्याच शनिवारी घरी खिचडी करून ठेवली होती.” नंतर उलगडत गेलं की भावेशभाई सातला घरी जेवून मगच वर यायचे. तात्यांची सून त्यांचं ताट झाकून ठेवायची. ज्याने त्याने हे गुपित एकट्याने शोधून काढलं होतं आणि दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून चार वर्षं पोटात ठेवलं होतं. वड्यांच्या शेजारी. एरवी आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची तर तीन मीटिंगा लागतात आणि चौथीत भांडण होतं. इतकी एकजूट कुठल्याच विषयावर झालेली मला आठवत नाही.

आणि बसणं काय रंगायचं! दोन पाळ्यांच्या मध्ये करण्यासारखं काही नाही, टीव्ही बंद, घड्याळ माळ्यावर. मग माणूस बोलतो. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे कधीकाळी तात्यांच्या वडिलांची भातशेती होती. तात्या सोफ्यावर मांडी घालून सांगायचे, “ह्या तुमच्या जिन्याखाली आमचा बांध हाय. आजून हाय. दिसत न्हाय ती गोष्ट येगली.” भावेशभाईंनी मुलगा कॅनडाला जातोय हे तिथेच सांगितलं आणि सांगताना रडले. माझ्या नोकरीवर गदा आली तेव्हा मीही ते पहिल्यांदा तिथेच बोललो, कापं आणि तळण यांच्या मध्ये. बायकोला ते बाकीच्यांबरोबरच कळलं. घरी आल्यावर त्याबद्दल तिने वेगळं ऐकवलं.

आता त्या एका शनिवारबद्दल सांगतो. काकांची सत्तरी होती, आणि कल्पना माझी होती. दुसऱ्याच्या भल्याची कल्पना मला सुचली की शेजाऱ्यांनी सावध व्हावं, पण त्या वेळी कोणी झालं नाही. मी म्हटलं, बिचारे एकटे, चार वर्षं आपल्याला खाऊ घालताहेत, त्यांना कधी चार घास गरम जेवण मिळतं का? आपण जेवण घेऊन जाऊ.

“त्यांना विचारलंत?” बायको म्हणाली.

“विचारलं तर सरप्राइज कसलं?”

साडेआठला आम्ही वरात काढल्यासारखे जिना चढलो. बायकोचा मसालेभात, भावेशभाईंकडची पुरी-भाजी, तात्यांच्या घरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. काकांनी दार उघडलं. हातात पहिल्या पाळीचं ताट होतं, आम्हाला तासभर उशीर झाला म्हणून सुरळीच्या वड्या थोड्या सुकल्या होत्या. आमच्या हातातल्या पातेल्यांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं.

“अरे वा,” ते म्हणाले. “जेवण आलं.”

जेवलो. मनसोक्त जेवलो. काकांनीही मागून भात घेतला. आणि मग, तुम्ही कधी नीट पाहिलंय का, जेवण झाल्यावर माणसं काय करतात? हात धुतात. बडीशेप मागतात. तात्यांनी जांभई दिली, “डोलं मिटायला लागलं,” म्हणाले. भावेशभाईंना सकाळी दुकानात माल उतरवायचा होता. बायकोने पातेली गोळा केली. सव्वानऊला आम्ही सगळे जिन्यात होतो, आणि किती छान झालं, असं एकमेकांना सांगत होतो. त्यांच्या ओट्यावर ओल्या फडक्याखाली कापलेल्या वड्या तशाच होत्या. त्या मी पाहिल्या होत्या. एवढं पोट भरल्यावर कोण खाणार, असं मनात आलं, दुसरं काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमचं पातेलं परत द्यायला आले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही त्यांची रीत. पातेल्यात न तळलेल्या वड्या होत्या, वर दोन तिळाच्या.

“तळून घ्या,” ते म्हणाले. “काल फार छान झालं. सगळे वेळेत सुटले.”

पुढचा शनिवार गेला. त्याच्या पुढचाही. जिन्यात ते भेटायचे, हसायचे, पण आमंत्रण नाही. शेवटी न राहवून मी वर गेलो आणि म्हटलं, “काका, आमचं चुकलं का काही?”

“छे हो, तुमचं कसलं चुकलं,” ते म्हणाले. मग थोडा वेळ पंच्याच्या दशा सारख्या करत बसले. “गेटवर होतो ना, तिथे भोंग्याच्या आधीची दहा मिनिटं फार चांगली असायची. माणसं खिडकीशी उभी राहायची. कोणी मुलीचं लग्न जमलं म्हणून सांगायचा, कोणी भावाशी फाटलं म्हणून. भोंगा झाला की संपलं. माझ्याकडे बघायलासुद्धा कोणी थांबायचं नाही. त्यांचा दोष नाही. भोंगा झाला की माणूस घरचा. आमच्या हिच्या हातचं जेवण सुंदर. पण लोक यायचे, जेवायचे, आणि जायचे. ही पुण्याला गेल्यावर मला वाटलं, जेवणच काढून टाकलं तर?”

मी म्हटलं, “मग करा ना पुन्हा सुरू. आम्ही काही आणणार नाही.”

“आता काय म्हणून बोलावू?” ते म्हणाले. “जेवायला?”

जेवण होतंच आहे, हे चार वर्षं ते आमच्या डोळ्यांत बघून सांगत होते आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांत बघून ऐकत होतो. आता ते कोणालाच जमलं नसतं. मी माझ्या परीने एक शनिवार आमच्या घरी ठरवला. वड्या बाहेरून मागवल्या, त्या एकदम सगळ्या आल्या, दहा मिनिटांत संपल्या आणि भावेशभाई मोबाइल बघू लागले. काका आले होते. त्यांनी वडीला नावं ठेवली नाहीत, यावरूनच मी काय ते ओळखलं.

दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून फर्मान आलं: एकटे राहून काय करताय, फ्लॅट भाड्याने द्या आणि इकडे या. काकू येणार होत्या त्याऐवजी काका निघाले. सामान आदल्या दिवशी टेंपोने गेलं. दुपारी चारची टॅक्सी होती. बायको ऑफिसात होती, भावेशभाई दुकानात, तात्या सकाळीच भेटून गेले होते. साडेतीनला मी एकटाच वर गेलो, तर जिन्यातच तेलाचा वास आला.

रिकाम्या घरात गॅसवर कढई होती. भाडेकरूंसाठी शेगडी ठेवली होती, कढई काकांनी मुद्दाम मागे ठेवली असणार.

“बसा,” ते म्हणाले. “उंडा होता एक.”

आम्ही जमिनीवर बसलो, मध्ये ताट. सहा वड्या, सगळ्या तिळाच्या. खाणारे दोघेच. खालून हॉर्न वाजला. मुलीचा फोन आला, “निघालात का बाबा?” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “निघतोच आहे.” मग पुन्हा हॉर्न.

मी आयुष्यात इतकं सावकाश कधी खाल्लं नसेल. एका वडीचे पाच-सहा घास केले. त्यांनी जायला मला नको होतं, पण तसं सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून मी चावत राहिलो. ते त्यांच्या मुलीच्या घरातल्या वेळा सांगत होते. जावई नऊला येतो, मुलगी आधी जेवून घेते, नातू सातलाच. काकू मधे कधीतरी. सगळे आपापलं वाढून घेतात. “सोयीचं आहे,” ते म्हणाले.

पाच वड्या संपल्या. एक उरली.

“घ्या,” ते म्हणाले.

“घेतो,” मी म्हणालो आणि घेतली नाही. तेही घेईनात. ती संपली की उठायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बराच वेळ आम्ही त्या ताटाकडे बघत बसलो. बरं चाललं होतं.

मग ड्रायव्हर चार जिने चढून वर आला. धापा टाकत दारात उभा राहिला आणि म्हणाला, “अंकल, चलना है ना?”

“आओ, बैठो दो मिनिट,” काका म्हणाले. त्याला पाणी दिलं, आणि ताट त्याच्यापुढे केलं.

त्याने ती वडी उचलली आणि उभ्याउभ्याच एका घासात संपवली.

काका उठले.