आरामाचं इंजेक्शन

अतिदक्षता विभागात नर्स म्हणून ड्यूटीवर आले की मी तीन गोष्टी आधी उरकायची: ऑक्सिजन, कफ ओढायचं सक्शन आणि नातेवाईक. तिसरी कधीच उरकत नसे.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास पिंपरीतल्या आमच्या इस्पितळात एक वेल्डर आला. चाकणच्या रस्त्यावर मोपेड घसरून डोक्याला मार लागलेला, मेंदूला सूज. श्वासाच्या मशीनशी तो झुंजायचा, खोकायचा आणि प्रत्येक खोकल्यासरशी डोक्यातला दाब वाढायचा. म्हणून डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं आणि त्यावर स्नायू सैल करणारं इंजेक्शन. बाहेर त्याच्या थोरल्या भावाला एका वाक्यात सांगितलं, "त्याला आराम दिलाय."

भाऊ मावळातल्या खेड्यातला. आराम पडला असं समजून त्यानं वॉर्डभर पेढे वाटले. डॉक्टरांनीही एक खाल्ला.

मग तो भेटीला आत आला. धाकट्याचा हात उचलला, तो धप्पकन खाली पडला. पापणीसुद्धा हलेना.

"बाई, ह्यो गेलाय. मशीन नुस्ती छाती हलवतीया. आमी घरी नेतो."

जीप आणायला माणूस धावला. उशाशीच उभं राहून कुणाकुणाला निरोप धाडायचे ते ठरू लागलं.

"हळू बोला," मी म्हटलं. "या इंजेक्शननं हातपाय थांबतात, श्वासही थांबतो, कान नाही. झोप उतरली असेल तर तो ऐकत असेल."

"मग हूं म्हनंल की."

"तेवढंच त्याला जमत नाही."

मशीन काढलं असतं, तर शेजारची निगडी येईपर्यंतसुद्धा तो टिकला नसता. मी समजावत बसले नाही. भावाला जवळ बोलावलं, धाकट्याची पापणी उघडली, टॉर्च मारला. बाहुली आक्रसली. टॉर्च बाजूला घेतला, बाहुली मोठी झाली. या औषधाचं बाहुलीपुढे काही चालत नाही.

"पुन्ना मारा."

मारला.

"हाय की वो," तो म्हणाला आणि कोपऱ्यात रडणाऱ्या भावजयीला त्यानं दटावलं, "सांगत नव्हतो मी?"

जीप रिकामी परत गेली. सूज उतरून इंजेक्शन थांबेपर्यंत आणि वेल्डरनं स्वतः बोटं हलवेपर्यंत, रोज भेटीच्या वेळी चुलते, मेहुणे, कंपनीतले सोबती बाहुली बघायला रांगेत उभे.

"भाऊ, हे काय प्रदर्शन आहे का? मी सांगते ना, ठीक आहे तो."

"तुमी सांगताय बाई, खरं हाय," तो म्हणाला. "पन डाक्टरांनी बी सांगितलंच व्हतं."