बिनअंड्याची बिस्किटं

आमच्याकडे नाताळच्या बिस्किटांचा पहिला घाणा बिनअंड्याचा असे, आणि तो आमच्यासाठी नसे. तो शेजारच्या काकूंचा. भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत आमची आणि त्यांची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. वडील आणि काका निवृत्त झाले तेव्हा दोन्ही घरांनी बाहेर प्लॉट घेतले, तेही शेजारीशेजारी. आईला बहीण नव्हती. काकू आहेत, म्हणायची, मले काय कमी हाय.

बिस्किटांच्या दिवशी अंडी घरात यायची नाहीत. वडील सकाळीच आणून ठेवत, पण काकूंच्या ताटावर रुमाल पडेपर्यंत ती स्कूटरच्या डिकीत. आई डोक्यावरून आंघोळ करून स्वयंपाकघरात शिरे. त्या घाण्याची परात वेगळी, लाटणं वेगळं. लाटण्याच्या मुठीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे चुकूनही कुणी पोळ्यांना घेऊ नये. वर्षभर हे सगळं जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर असे. ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन मात्र एकच होता, म्हणून तो आधी राखेने घासायचा आणि मग पहिला मान काकूंचा. आमची अंड्याची, चांदणीच्या आकाराची बिस्किटं दुपारनंतर.

मी मोठी होत गेले तशी मला याची चीड यायला लागली. "पाहुण्यांचं सोवळं आणि घरच्यांना शिळं पाणी," असं मी टोचून म्हणायची. आई मैदा चाळता चाळता म्हणे, "त्या खात नाई तं आपण काऊन भ्रष्टवाचं त्याईले? खाणाऱ्याचा इश्वास असते." ती खोटं वागली नाही. एक वर्ष डिकी उघडी राहून मांजरीने अंडं फोडलं आणि आईच्या पदराला ते लागलं असेल अशी तिला नुसती शंका आली, तर तिने मळलेला गोळा बाजूला ठेवून पुन्हा आंघोळ केली.

ताट घेऊन जायचं काम माझं. काकू दारातच घ्यायच्या, गालावरून हात फिरवायच्या. ताट दुसऱ्या दिवशी धुऊन यायचं, त्यात मूठभर साखर, कारण रिकामं ताट परत करू नये. दिवाळीत त्यांचा फराळ आला की आम्ही चकलीचा चुरासुद्धा बोटाने टिपून खायचो. आई दरवर्षी मला विचारायची, "काय म्हणाल्या काकू?" आणि मी त्यांचंच वाक्य सांगायची, की दोन दिवसांत संपतात म्हणे. आईचा चेहरा मग उजळायचा.

दोन वर्षांपूर्वी आई चर्चच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते. सुट्टी टाकून एसटीने आले. आई खुर्चीत बसून हुकूम देत होती आणि मी लाल दोऱ्याचं लाटणं फिरवत होते. पीठ जास्त मळलं गेलं, बिस्किटं कडक झाली. आई हिरमुसली, पण ताट गेलं.

भांड्यांना त्या दिवसांत काकूंकडचीच बाई आमच्याकडेही येत होती. जवळच्या खेड्यातली, काकूंकडे वर्षानुवर्षं काम करणारी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात ती घासत होती, मी विसळत होते. ती सहज म्हणाली, "ताई, यंदाचे बिस्कुट लय कडक झाले. माह्या सासूले चावलेच नाई. आई बनवते तवा कसे नरम रायते."

मला वाटलं, काकूंनी एखादं दिलं असेल. तसं विचारलं.

"एखादं कायले? दरसालचं पुरं ताटच माह्या थैलीत रिकामं करते त्या. लेकरं वाट पाह्यते ना."

"काऊन?"

तिचा हात थांबला. "घरात नाई ठेवत त्या. म्हणते, अंडेवाल्याइच्या घरचं हाय." मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, "मी सांगतलं म्हणू नका जी. माहं काम जाईन."

मी आत गेले. आईने नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणाल्या काकू?"

मी सांगून टाकलं. सगळं. सत्याची चाड होती म्हणून नाही. इतकी वर्षं ती डोक्यावरून पाणी घेत राहिली याचा मला राग होता, आणि तिलाही तो यावा, एकदा तरी तिने दणकून शिवी द्यावी, असं मला हवं होतं. आई प्लास्टरवर दुसरा हात ठेवून बसली. मग म्हणाली, "लेकराईनं खाल्ले ना. वाया तं नाई गेले." आणि माझ्याकडे न बघता, "तुले सांगाचं काऊन पडलं होतं?"

काकूंनी तिचं काहीच नेलं नव्हतं असंही म्हणता येईल. जे होतं ते मी नेलं.

आई काकूंना एक शब्द बोलली नाही. त्या बाईचं कामही शाबूत राहिलं. गेल्या नाताळला प्लास्टर कधीच निघालेलं होतं, तरी आईने मैदा आणलाच नाही. मला म्हणाली, चौकातून बिस्किटांचा एक डबा घेऊन ये, बंद, हिरव्या ठिपक्याचा. मी आणला. तो घेऊन ती काकूंकडे जाणार, इतक्यात काकूच आल्या. यंदा ताट कसं आलं नाही म्हणून विचारायला. खरंच काळजीने आल्या होत्या, हे मला मान्य करावं लागेल, आणि तेच मला जास्त लागतं.

"हात दुखते," आई म्हणाली आणि डबा पुढे केला.

काकूंनी तो उलटसुलट करून बघितला, ठिपका बघितला, तिथेच खुर्चीत बसून फोडला आणि एक बिस्किट खाल्लं. आमच्या घरात, आईच्या समोर. आई त्यांच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने त्यांना आपण दिलेलं काही खाताना पाहिलं नव्हतं.

काकूंनी ओठावरचा चुरा पदराने पुसला. "बरी आहेत," म्हणाल्या, "पण खरं सांगू का, तुमच्या हातच्या बिस्किटांची सर नाही हो याला."

मी तोंड उघडलं होतं. आईने मला नजरेनेच गप्प केलं.

"घ्या ना अजून एक," ती काकूंना म्हणाली.

काकूंनी घेतलं.