तीन देशांची लेफ्ट आउट

राष्ट्रीय शिबिराचं पत्र आलं तेव्हा त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, येताना पासपोर्ट आणावा. आमच्या घाटकोपरच्या संघातून तिघींना बोलावलं होतं. बाकीच्या दोघी ती ओळ वाचून हबकल्या, कारण त्यांनी पासपोर्ट कसा दिसतो हेही पाहिलं नव्हतं. मी तेवढी खुशीत होते. आमच्या मुलुंडच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले तीन पासपोर्ट होते. त्यातला एक माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला मी तो घेऊन गेले आणि ऐटीत सरांच्या हातात दिला. सर मालाडचे. तरुणपणी गिरणीच्या संघातून खेळलेले, आता पन्नाशीचे, पोट सुटलेले, पण चेंडू पायाशी आला की पाय पंचविशीतले. आमच्यासारख्या तेरा मुलींना गोळा करून त्यांनी संघ बांधला होता. त्या काळात मुली फुटबॉल खेळतात हे सांगितलं तर लोक आधी हसायचे आणि मग चड्डी किती आखूड असते ते विचारायचे.

सरांनी पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“अगं, हा तर राणीचा आहे,” ते म्हणाले.

“कुठल्या राणीचा?”

“लंडनच्या. तू इंग्लिश आहेस, तुला माहीत नाय?”

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे पासपोर्टवर काय छापलंय ते मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी मुलुंडच्या मराठी शाळेत शिकले, घरी कुळथाचं पिठलं खाल्लं, गणपतीत आरत्या म्हटल्या. मी इंग्लिश कशी?

त्याचं असं झालं होतं. माझे वडील रत्नागिरीकडचे. लग्नानंतर ते आईला घेऊन आफ्रिकेत गेले, केनियातल्या किसुमूला, आणि तिथल्या रेल्वेत कारकून झाले. मी तिथेच जन्मले. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. मी रांगायला लागले तोवर देश स्वतंत्र झाला. तिथलं नागरिकत्व घ्यायचं की इंग्रजांचं ठेवायचं, असा प्रश्न आला तेव्हा बाबांनी विचार करून इंग्रजांचं ठेवलं. पुढे नोकऱ्या तिथल्या लोकांना द्यायला सुरुवात झाली आणि बाबांची गेली. मी सहा वर्षांची असताना आम्ही मुलुंडला आलो. बाबा एका औषधांच्या कारखान्यात हिशेबनीस झाले. पण त्यांच्या मनात एकच होतं. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, इंग्लंडमध्ये लेस्टरला गेला होता. बाबांना तिथे जायचं होतं. आमच्यासारख्या पासपोर्टवाल्यांसाठी इंग्लंडने रांग लावली होती, दरवर्षी ठरावीक कुटुंबांनाच प्रवेश. बाबांनी नाव नोंदवून सात वर्षं झाली होती. त्यामुळे वरच्या खणातल्या त्या पिशवीला आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता.

त्या रविवारी सर स्वतः आमच्या घरी आले. आईने पोहे केले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कारण पहिल्यांदाच कुणी माझ्या खेळाबद्दल बोलायला घरी येत होतं.

“तुमची मुलगी लेफ्ट आउटला खेळते,” सर म्हणाले. “डाव्या बाजूने अशी पळते ना, की समोरची पोरगी नुसती बघत राहते. पण इंडियाकडून खेळायचं तर इंडियाचा पासपोर्ट पाहिजे. बाकी काही चालत नाय.”

“मग आहे त्या पासपोर्टवर ती कुणाकडून खेळू शकते?” बाबांनी विचारलं.

“इंग्लंड. आणि जन्म तिकडचा म्हणून केनियाने नागरिक करून घेतलं, तर केनिया. तुमची मुलगी मोठी पार्टी आहे. तीन-तीन देश.” सर हसले आणि मग गंभीर झाले. “पण एक लक्षात ठेवा. एकदा एका देशाचा शर्ट घालून खरी मॅच खेळली की संपलं. मग लाइफभर दुसऱ्या देशाचा शर्ट नाय घालायचा. पासपोर्ट बदलला तरी नाय. म्हणून आधी ठरवायचं, मग उतरायचं.”

बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “भारताचा पासपोर्ट घ्यायचा म्हणजे हा सोडायला लागणार.”

“हो. इंडिया दोन ठेवू देत नाय.”

“मग आमचा नंबर लागला की ही इथे राहणार आणि आम्ही तिथे?”

 सरांनी आणखी थोडे पोहे घेतले.

बाबांनी काकाला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी लेस्टरहून निळं हवाई पत्र आलं. काकाने लिहिलं होतं की इंग्लंडमध्येही मुलींचे संघ आहेत, त्याच्या कारखान्यातल्या एका बाईची मुलगी खेळते, आणि पासपोर्ट आपलाच आहे, तर मुलीला इकडेच खेळू दे. बाबांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. त्यांच्या आवाजात मला न दुखवण्याची धडपड होती, ती मला कळत होती.

“तुझा खेळ काही बंद होत नाही,” ते म्हणाले. “फक्त थोडं थांबायचं. नंबर कधीही लागेल.”

आमच्या इमारतीत ही बातमी पसरायला दोन दिवस पुरले. ज्याला त्याला मत होतं. पहिल्या मजल्यावरचे बँकेतले काका म्हणाले की इंग्लंड सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. त्यांचा मुलगा म्हणाला की केनियाकडून खेळ, तिथे मुलींचा संघ नसेलच, तू थेट कॅप्टन होशील. तळमजल्यावरच्या मालवणी मावशींनी मला पाण्याच्या नळापाशी गाठलं. त्या बांगडे साफ करत होत्या, हात तसेच ठेवून म्हणाल्या, “गो, सगळ्यांचा ऐकान झाला. तुका खंय खेळूचा आसा, ता कोणी इचारला काय?”

मला कुठे खेळायचंय ते कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मग मी विचार करायला बसले. केनियाचं मला फारसं आठवत नव्हतं. रेल्वे वसाहतीमागचं लाल मातीचं मैदान, सरोवराचा ओलसर वास, आणि अनवाणी पोरांच्या घोळक्यात चिंध्यांच्या चेंडूला मारलेली लाथ, एवढंच. इंग्लंड म्हणजे काकाचे फोटो, त्यात सगळे कोटात. आणि इथे घाटकोपरला मी ज्यांच्याबरोबर चार वर्षं खेळत होते त्या बारा जणी. त्यातली मैदानाच्या मधोमध खेळणारी आमची सेंटर हाफ कांजूरमार्गला राहायची. तिचे आईवडील सोलापूरकडून आलेले, वडील महापालिकेत. ती चेंडू पायात घेऊन मान वर करायची तेव्हाच मला कळायचं की आता तो माझ्या पुढे, डाव्या रेषेजवळ पडणार आहे. मी आधीच धावायला लागायचे. ती कधी हाक मारायची नाही आणि मी कधी हात वर करायचे नाही. लेस्टरमध्ये हे पुन्हा पहिल्यापासून कुणाबरोबर जमवायचं?

मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बाबांना मॅच दाखवलीस का कधी?”

“नाही.”

“मग त्यांना काय माहीत, तू काय सोडून जाणार ते. आण ना त्यांना.”

बाबा पुढच्या रविवारी आले. छत्री घेऊन, ऊन होतं म्हणून. अंधेरीच्या एका संघाबरोबर सामना होता. आम्ही तीन-एकने जिंकलो, त्यातला एक गोल मी डावीकडून आत टाकलेल्या क्रॉसवर झाला. पण बाबा म्हणे त्याच वेळी चष्मा पुसत होते. सामना संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा ते सेंटर हाफशी बोलत होते.

“तुला कसं कळतं गं, ही तिथे असेल म्हणून?” ते तिला विचारत होते.

“ती असतेच, काका,” ती म्हणाली.

घरी जाताना आम्ही बसच्या स्टॉपवर बराच वेळ उभे होतो. बाबा म्हणाले, “किसुमूला मी ठरवलं तेव्हा तुझ्यासाठी पण मीच ठरवलं. तू दोन वर्षांचीही नव्हतीस. आता एकोणीसची आहेस. मी परत ठरवणं बरोबर नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे अर्ज आणू. पण इंग्रजीत मी भरणार. तुझं अक्षर वाईट आहे.”

मी रस्त्यातच त्यांचा हात धरला. तेवढं करायचीही आमच्याकडे रीत नव्हती.

अर्ज भरला, सहीशिक्के झाले, कलेक्टर कचेरीत कागद दिले. तिथल्या कारकुनाने तीन वेळा विचारलं की आम्ही इंग्लंड सोडून इकडे येतोय ना, उलटं तर नाही. त्याच्या आठ वर्षांच्या नोकरीत सगळे उलट दिशेचे लोक भेटले होते. पण कागद त्यांच्या वेगाने चालणार होते. शिबिराची तारीख आली आणि गेली. बाकीच्या दोघींचे पासपोर्ट शेवटच्या आठवड्यात झाले; त्यातली एक आमची सेंटर हाफ. त्या गेल्या. मी त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर गेले, हसून हात हलवला, आणि घरी परत आले. आईने त्या दिवशी न विचारता रताळ्याचे गोड काप केले. मी ते सगळे खाल्ले, बाबांसाठी एकही ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी मैदानावर होते.  सरांनी मला डाव्या पायाने शंभर क्रॉस मारायला लावले, आणि शंभरावा झाल्यावर म्हणाले, “अजून वीस. आज तू इंग्लिश पण नाय, इंडियन पण नाय, कुणी तक्रार ऐकणार नाय.”

पाच महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. त्याआधी शपथ घ्यावी लागली. मी साडी नेसून गेले, कारण आईचं म्हणणं होतं की देशाचं काम आहे. शपथ वाचताना मी एका शब्दाला अडखळले. साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि पाणी दिलं. बाहेर आल्यावर बाबांनी जुना पासपोर्ट शेवटचा उघडून माझा लहानपणीचा फोटो पाहिला. मग तो त्यांनी स्वतः जाऊन इंग्रजांच्या कचेरीत परत केला.

आणि त्यानंतर महिन्याभरात बाबांचा नंबर लागला.

आम्ही तिघं ते पत्र समोर ठेवून बसलो. मला घाबरल्यासारखं झालं. आईच आधी बोलली. “मी रत्नागिरीहून किसुमूला भांडी नेली, किसुमूहून मुलुंडला आणली. आता तिसऱ्यांदा बांधणार नाही. तुम्हाला जायचं तर जाऊन बघा. आवडलं तर सांगा.”

बाबा गेले. भावाकडे राहिले, होजिअरीच्या कारखान्यात नोकरी केली. दर आठवड्याला पत्र यायचं, आणि पत्रात थंडीबद्दल एक ओळ आणि भावाच्या बायकोच्या आमटीबद्दल दोन ओळी असायच्या. दहाव्या महिन्यात ते परत आले. विमानतळावर मी विचारलं, “का आलात?” ते म्हणाले, “बघून झालं.” इतकी वर्षं वाट पाहिलेल्या गोष्टीबद्दल ते यापेक्षा जास्त कधीच बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा हलका झालेला होता, आणि औषधांच्या कारखान्याने त्यांना परत घेतलं तेव्हा त्यांनी सगळ्या टेबलांना इंग्लंडची चॉकलेटं वाटली.

पुढच्या शिबिराला मी गेले. एकवीस जणींत निवडले गेले. पाहुण्या परदेशी संघाबरोबरच्या सामन्यात बेंचवर बसले आणि दुसऱ्या हाफमध्ये शेवटची अकरा मिनिटं उतरले. आम्ही एका गोलने मागे होतो. शर्ट मला दोन मापं मोठा होता, कोपरापर्यंत बाह्या. आमची सेंटर हाफ सुरुवातीपासून खेळत होती. मी रेषेजवळ जाऊन उभी राहिले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या पायात चेंडू आला, तिने मान वर केली, आणि मी धावायला लागले. माझा क्रॉस गोलीच्या हाताला लागून बाहेर गेला. कॉर्नर मिळाला, त्यावर काही झालं नाही. सामना आम्ही एक-शून्यने हरलो.

बाबा, आई आणि सर एका ओळीत बसले होते. बाबांनी या वेळी चष्मा पुसला नव्हता. सर म्हणाले, क्रॉस थोडा लांब पडला. आई म्हणाली, त्या गोलीचे हातच लांब आहेत, त्याला ही काय करणार. दोघं त्यावर मैदानाबाहेर येईपर्यंत वाद घालत होते. सेंटर हाफ आणि मी दोन पावलं मागे राहून ऐकत होतो आणि आम्हाला हसू आवरत नव्हतं.