मॅडमचा कॉम्प्युटर मी बंद केला

मॅडमचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा माझा हात अजून बटणावरच होता.

"आ शुं कर्युं, माजी? आ शुं कर्युं तमे?" शाळेची मोठी मॅडम खुर्चीतून उठून माझ्यावर गुजरातीत ओरडत होती, हे काय केलं म्हणून. तिच्यासमोरचा पडदा काळा झाला होता. सकाळपासून बसून तिने नव्या मुलांची यादी टाइप केली होती, ती गेली. मी तिथे इंटरव्ह्यूला आले होते आणि मला खुर्चीवर बसून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. माझं काय चुकलं ते मला कळेना. मला तर वाटत होतं मी बरोबरच केलं.

झालं होतं एवढंच. लाइट गेली. एसी थांबला, पंखा थांबला, टेबलाखालचा एक काळा डबा टूं टूं करायला लागला. मी उठले, भिंतीवरची सगळी बटणं बंद केली, मग वाकून त्या डब्याचंही बटण दाबलं. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर त्या डब्यावर चालतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तीस वर्षं लूमच्या खात्यात बॉबिन भरल्या. खातं म्हणजे लूमची शेड, सुरतेत सगळे खातंच म्हणतात. तिथे लाइट गेली की आधी आपल्या मशीनचं बटण बंद करायचं, शेजारणीचं राहिलं असेल तर तेही करायचं, मग काय बोलायचं ते बोलायचं. लाइट परत येताना सांगून येत नाही. चालू राहिलेलं मशीन एकदम फिरतं. माझ्या बाजूच्या बाईने अंधारात गुंतलेला धागा सोडवायला हात घातला होता. तिची दोन बोटं गेली. ती ओरडली असेल, पण सगळी मशीनं एकदम सुरू झाली होती, कोणाला ऐकू आलं नाही. त्यानंतर माझा हात मला न विचारता बटणाकडे जायला लागला. घरीही लाइट गेली की मी टीव्ही, पंखा, मिक्सर सगळं बंद करत सुटते. सून चिडते. चिडू दे.

पण शाळेत चिडणारी मॅडम होती आणि काम तिच्या हातात होतं. ते काम मला हवं होतं.

आमच्या शेठने जुने लूम भंगारात काढले. नव्या मशीनला बॉबिन भरणारी बाई लागत नाही. दहा-पंधरा दिवस मी घरी बसले, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "माय, तू आता गावाला जा. काकाकडे रहा. तिथली हवा चांगली आहे."

मुलगा पांडेसऱ्यात रंगाईच्या मिलमध्ये आहे, हवेतलं त्याला कळत असेल. मला हवा नको होती. गावचं घर आता माझ्या धाकट्या दिराचं. तिथे चहा टाकायचा तर जावेला विचारून दूध घ्यावं लागतं, आणि ती दूध देते पण आधी पातेल्यात बघते. नवागामात आमची एकच खोली आहे, माणसं चार, पाय पसरायला जागा नाही. पण चहा मी न विचारता करते.

"मला काम मिळालं तर?" मी मुलाला विचारलं.

"या वयात?" तो हसला. "मिळालं तर रहा बाई."

त्याने रविवारच्या गाडीचं माझं तिकीट आधीच काढलेलं होतं. शेजारणीने सांगितलं, गोडादऱ्याच्या एका शाळेत बसमध्ये मुलं चढवायला-उतरवायला बाई पाहिजे, शुक्रवारी बोलावतायत. म्हणजे शुक्रवारी काय ते ठरणार होतं.

माझी नात कॉलेजात जाते. तिने माझी तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ लावला आणि मास्तरणीसारखी समोर बसली.

"आजी, सांग, तुझी कमजोरी काय?"

"गुडघे."

"असं नाही म्हणायचं! म्हणायचं, मी कामात जरा जास्तच लक्ष घालते."

"ही कमजोरी कुठली?"

"तेच तर, आजी. चांगली गोष्ट कमजोरी म्हणून सांगायची."

"मग खरी कमजोरी विचारली तर?"

"खरी कोणी विचारतच नाही."

मला काही कळलं नाही, पण मी पाठ केलं. मग ती म्हणाली, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?"

"भिंतीवर. हार घातलेल्या फोटोत."

सून चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, हसली. नात हसली नाही. तिला माझ्या तिकिटाचं माहीत होतं. ती म्हणाली, "आजी, मजाक नको. तिथे बोल, मला मुलं खूप आवडतात." मला मुलं आवडतात की नाही याचा मी कधी विचार केला नाही. चार झाली, दोन राहिली, वाढवली. हेही मी पाठ केलं. शुक्रवारी निघताना नातीने माझ्या साडीला पिन लावली आणि बजावलं, "विचारतील तेवढंच बोल. आणि खुर्चीवरून उठू नकोस, ते उठ म्हणेपर्यंत."

आणि मी उठले होते.

मॅडमच्या शेजारी शाळेचे ट्रस्टी बसले होते, पांढऱ्या सफारीतले म्हातारे गृहस्थ. ते म्हणाले, "माजी, ये क्यों किया?"

मी म्हटलं, "लाइट येते तेव्हा लागतं." हिंदी, मराठी, जसं तोंडात आलं तसं बोलले. "जाते तेव्हा नाही लागत. येते तेव्हा."

"पण अहीं मशीन क्यां छे?" मॅडम म्हणाली.

"मग हे काय आहे?" मी कॉम्प्युटरकडे बोट केलं.

मॅडमने कपाळाला हात लावला. ट्रस्टी खिडकीकडे बघायला लागले. ते हसत होते की त्यांना माझी कीव आली होती, तोंड फिरवल्यामुळे दिसलं नाही. मी तिथेच उभी. बसू की जाऊ, कोणी सांगेना. मला बोटांची गोष्ट सांगायची होती, पण नातीने विचारतील तेवढंच बोल म्हटलं होतं, आणि बोटांचं कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरची ट्यूब लागली, लाइट आली. मी बंद केलेली बटणं मॅडमने एकेक करून चालू केली. पंखा फिरायला लागला. बाकी काही झालं नाही. कोणाला काही लागलं नाही. मलाच लाज वाटली.

ट्रस्टींनी मला बसायला सांगितलं. त्यांनी विचारलं, बसमध्ये मूल रडायला लागलं तर काय करणार? मला मुलं खूप आवडतात, हे म्हणायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "रडू द्यायचं. जागेवर बसलेलं असलं म्हणजे झालं." कमजोरी कोणी विचारली नाही. पाच वर्षांचंही नाही. पाठ केलेलं सगळं तसंच घेऊन मी बाहेर बाकावर येऊन बसले.

बाकावर आणखी एक बाई होती, पंचवीस-तीसची, हातात फाइल, चपला नव्या. दहावी झालेली. ती आत गेली, बराच वेळ बसली, आतून दोन-तीनदा हसण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिने मला विचारलं, "आंटी, अंदर क्या हुआ था? बहुत आवाज आया."

"मॅडमचा कॉम्प्युटर मी बंद केला," मी सांगितलं.

ती जरा लांब सरकून बसली. मी मनात गावचं सामान बांधायला लागले.

मग क्लार्क आला. "सोमवारी सहा वाजता या. बस गेटवर असेल."

"कोण? ही?"

"तुम्ही."

"मी का?"

"मला काय विचारता, मावशी? आतून सांगितलं ते सांगतोय."

मी आत जाऊन मॅडमलाच विचारलं. ती यादी पुन्हा टाइप करत होती. वर न बघता म्हणाली, "बसमां काम लागशे." माझं काय कामाला येणार, ते तिने सांगितलं नाही. अजून चिडलेली होती, म्हणून मी परत विचारलं नाही.

घरी प्रत्येकाने आपापलं सांगितलं. नात म्हणाली, तयारी उपयोगी पडली. मुलगा म्हणाला, दुसरीने जास्त पगार मागितला असणार. शेजारीण दारातूनच ओरडली, "काय व्हयनं वं?" आणि मिळालं म्हटल्यावर म्हणाली की म्हाताऱ्या ट्रस्टीला म्हातारीची दया आली. बसचा ड्रायव्हर वेगळंच सांगतो. आधीची बाई सारखी फोनवर असायची आणि माझ्याकडे फोनच नाही, म्हणून. मला यातलं एकही पटत नाही. दिवाळीनंतर एकदा मॅडम चांगल्या मूडमध्ये दिसली तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी मला का घेतलं? ती म्हणाली, "कया दिवसे?"

मुलाने तिकीट रद्द केलं. मी गावाला गेले नाही.

हे सगळं माझंच झालेलं आहे. मी चौथी शिकलेली, विधवा, वय चौसष्ट, राहणार नवागाम, सुरत, आणि रोज सकाळी सहा वाजता मी शाळेच्या बसमध्ये असते.